सगळ्या घरांना सी देणारा माणूस

मलाकी टायननला मी शाळेपासून ओळखते, आणि ओळख वाढली तसा माझा त्याच्याबद्दलचा आदर कमी होत गेला. मुळात होता तोही फार नव्हता. शाळेत तो फळा पुसायचं काम अंगावर घ्यायचा आणि हात पोचेल तेवढाच फळा पुसायचा. वरच्या पट्टीत गेल्या आठवड्याची बेरीज तशीच राहायची. साठी आली तरी माणसाची रीत तीच आहे.

त्याने काय काय केलं ते ऐका. आधी शहामृगं पाळली. आयर्लंडमधल्या आमच्या लेट्रिमच्या चिखलात शहामृगं! पहिल्या हिवाळ्यात ती घसरून पडायला लागली, तेव्हा ती एका डोनेगलवाल्याच्या गळ्यात मारून हा मोकळा झाला. मग दारोदार पाणी शुद्ध करायची यंत्रं विकली. आमच्याकडे पाऊस एवढा पडतो की पाणी विकत घे म्हणणाऱ्याला लोक चहा पाजून परत पाठवतात. मग जमिनी विकणाऱ्या एका दलालाच्या मागे फाइल धरून हिंडला. आणि शेवटी, कशातच काही जमेना तेव्हा, एक छोटा अभ्यासक्रम करून घरं तपासणारा झाला.

म्हणजे घर ऊब किती धरतं, जाळलेलं जळण किती वाया घालवतं, हे पाहून घराला अक्षर द्यायचं. ए म्हणजे उत्तम, जी म्हणजे भोकाची चाळण. घर विकायचं असो, भाड्याने द्यायचं असो, नाहीतर सरकारकडून दुरुस्ती करून घ्यायची असो, हे अक्षर लागतंच. काम चांगलं आहे. मन लावून करणाऱ्याला माळ्यावर चढावं लागतं, भिंतीची जाडी बघावी लागते, बंबावर पांघरूण आहे का ते चाचपावं लागतं. मलाकी स्वयंपाकघरात बसायचा.

त्याचा एक कोट होता. उंटाच्या रंगाचा, गुडघ्याखाली येणारा, डब्लिनच्या मोठ्या दुकानातला. तो कोट घालून तो आत यायचा, खुर्चीत बसायचा, चहा प्यायचा, केक खायचा, नजर छताकडे एकदा आणि भिंतीकडे एकदा फिरवायचा आणि म्हणायचा, "छान आहे हो घर. उबदार." कोट अंगावरून उतरायचा नाही. "घाईत आहे," म्हणायचा. मग पंधरवड्याने कागद यायचा. सी.

सगळ्यांना सी. किटी फॉलनच्या नव्या बंगल्याला सी, पडक्या गिरणीतल्या बिऱ्हाडाला सी. मी एकदा विचारलं, "मलाकी, तुला बाकीची अक्षरं येत नाहीत का?"

"बाई, सी दिल्याने कोणी कधी रुसलं नाही," तो म्हणाला. "बी दिलं तर वरचे लोक तपासायला येतात. ई दिलं तर घरवाला शिव्या घालतो. सी म्हणजे कसं, सगळे खूश."

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, एवढंच त्याचं शास्त्र. आमच्या ड्रमकील गावात पोळीऐवजी सफरचंदाचा टार्ट असतो, इतकाच फरक.

मी कोळशाची वखार चालवते. कोळसा, ब्रिकेट म्हणजे जळणाच्या दाबलेल्या विटा, गॅसचे सिलिंडर. कॉन्सेप्टा म्हणाल तर चर्चमधले लोक ओळखतील, "वखारवाली कॉन" म्हणाल तर सगळे. माझा धंदाच थंडीवर चालतो, तेव्हा लोकांची घरं गार राहिली तर माझं बरंच आहे, हे मला कळतं. तरीही सांगते, डेलिया मुलवीच्या बाबतीत त्या माणसाने जे केलं त्याला माफी नाही.

डेलिया आणि तिचा भाऊ पॅकी, दोघं बिनलग्नाची, बापाने बांधलेल्या घरात राहायची. टेकडीच्या उतरणीवरचं दगडी घर, वर पाटीच्या दगडाचं छप्पर, आणि भिंतीतून येणारी ओल इतकी जुनी की तिला घरातलं माणूस म्हणायला हरकत नाही. पॅकीची छाती आधीच कमजोर. एका हिवाळ्याच्या अखेरीस तो इस्पितळात गेला, तिथून तालुक्याच्या वृद्धाश्रमात. डॉक्टरीणबाईंनी डेलियाला स्पष्ट सांगितलं, "घर कोरडं आणि उबदार झाल्याशिवाय मी त्याला घरी पाठवणार नाही. पाठवला तर पुढचा हिवाळा तो काढणार नाही."

पॅकी तिथे डोक्यावर टोपी घालून खिडकीशी बसायचा. टोपी का, तर म्हणे, कोणी न्यायला आलं तर उशीर नको. मी भेटायला गेले की विचारायचा, "घराचं झालं का गं?"

सरकारची एक योजना होती. म्हाताऱ्यांची गार घरं फुकट नीट करून द्यायची, माळ्यावर ऊब धरणारी जाड गादी अंथरायची, भिंतींना आतून अस्तर, खिडक्या नव्या. फक्त अर्जासोबत अक्षराचा कागद हवा होता. डेलियाने मलाकीला बोलावलं.

आता पुढची चूक आमच्याच लोकांना सुचू शकते. आमच्याकडे गावातल्या एकेका घरी पाळीपाळीने फादर येतात आणि चर्चमधली प्रार्थना, म्हणजे मिस्सा, घरातच होते. ज्याची पाळी येते तो महिनाभर आधीपासून वेडा होतो. भिंती रंगवतो, पडदे धुतो, कोंबड्यांचं खुराडंसुद्धा घासतो. डेलियाने तपासनिसासाठी तेच केलं. तिच्या दृष्टीने घराची परीक्षा होती, आणि मुलवींच्या घरात परीक्षेत कोणी कधी नापास झालं नव्हतं.

तिने माझ्याकडून नेहमीच्या तिप्पट कोळसा मागवला. मला वाटलं, पॅकी घरी येतोय. मीच पोती टाकून आले. आदल्या रात्रीपासून तिने तिन्ही चुली पेटवल्या, किटीकडून विजेचे दोन हीटर उसने आणले, फटींत जुने मोजे कोंबले, भिंतीवरच्या ओलीच्या डागासमोर कपाट सरकवलं, आणि पहाटे उठून पोर्टर, म्हणजे काळी बिअर, घालून केक केला. मलाकी आला तेव्हा त्या घरात पाव भाजता आला असता.

त्याने काय करायला हवं होतं? शिडी लावून माळा बघायला हवा होता. विस्तव किती पेटवलाय याच्याशी अक्षराचा काही संबंध नाही, हे त्याला शिकवलं होतं. कपाट भिंतीच्या मधोमध का उभं आहे, हे शेंबड्या पोरालाही विचारावंसं वाटलं असतं. त्याने केकचे दोन तुकडे खाल्ले, तिसरा रुमालात बांधून घेतला, आणि सी दिलं.

योजनेचं उत्तर आलं ते असं: सगळ्यात वाईट घरं आधी. आपलं घर बऱ्यापैकी उबदार असल्याने आपला क्रमांक नंतर येईल. नंतर म्हणजे कधी, तर काही वर्षांनी.

मी धावत तिच्याकडे गेले. म्हटलं, बाई रडत असेल. बाई स्टुलावर चढून खिळा ठोकत होती. येशूच्या तसबिरीखाली लाल दिवा जळतो ना, त्याच्या शेजारी तिने तो कागद चौकटीत घालून लावला.

"बघ," ती म्हणाली. "बाबांच्या घराला सी मिळालं. किटीच्या नव्या बंगल्याइतकंच."

"डेलिया, अगं, जी मिळालं असतं तर आत्ता कामगार आले असते!"

"जी?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या आईबद्दल काही बोलले. "मुलवींच्या घराला जी?"

तिच्यावर रागावून उपयोग नव्हता. मी मलाकीकडे गेले. तो पबमध्ये कोट घालून बसला होता.

"परत जा आणि नीट तपास," मी म्हटलं. "माळ्यावर चढ. चूक झाली म्हणून कळव. पॅकी तिकडे टोपी घालून बसलाय."

"हे बघ कॉन, अक्षर एकदा दिलं की दिलं. मीच बदललं तर वरचे लोक विचारतील, आधी काय पाहिलंस? मग माझे सगळेच कागद उघडतील."

"उघडू देत."

"आणि डेलिया खूश आहे. भिंतीवर लावलाय तिने. एका म्हातारीचा आनंद हिरावून तुला काय मिळणार?" असं म्हणून त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. मलाकी टायननने, माझ्याकडे, दयेने! त्याच्या ग्लासात थुंकावंसं वाटलं. थुंकले नाही, कारण पब माझ्या चुलतभावाचा आहे.

इथवर एका आळशी माणसाचा आळस झाला. पण खरा घात हळूहळू झाला, तो मला नाताळच्या सुमारास कळला. डेलिया माझ्याकडे कोळसा कमी मागवायला लागली. मी पोतं घेऊन गेले तर ती दोन स्वेटर, वर पॅकीचं जाकीट आणि डोक्याला लोकरीचा रुमाल अशी बसलेली. बोटं निळी.

"विस्तव का नाही पेटवलास?"

"पेटवलाय की एक. सी घराला तीन कशाला?" मग माझ्याकडे वाकून, कोणी ऐकत असल्यासारखी हळू बोलली, "घर उबदार आहे गं. मीच गारठलेय. आतून. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, काही सापडत नाही म्हणतात. आईचंही शेवटी असंच झालं होतं. मला वाटतं, माझं आता भरत आलं."

"तुझं काही भरत आलेलं नाही! घर गार आहे!"

"शिकलेल्या माणसाने लिहून दिलंय, कॉन." तिने भिंतीकडे बोट दाखवलं. "आणि पॅकीला आता कशाला आणू? मीच नसेन तर त्याचं करणार कोण?"

नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, अशी माणसं असतात आणि घरंही असतात. पण सोनुबाईला निदान ठाऊक असतं की वाळा कथलाचा आहे. या बाईने कागदावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या हाडांवरचा विश्वास सोडला. मी त्या संध्याकाळी गाडीत बसून रडले, हे मी कबूल करते. मग मलाकीला मोठमोठ्याने शिव्या दिल्या, तेव्हा बरं वाटलं.

मार्चमध्ये घरच्या मिस्सेची पाळी डेलियाकडे आली.

या वेळी तिने भिंती रंगवल्या, पडदे धुतले, सगळं केलं. पण विस्तव स्वयंपाकघरात एकच पेटवला. सी घर होतं ना. बाहेर गारांचा पाऊस, आणि लोक येतजात असल्यामुळे दार सताड उघडं. दारात डेलिया स्वतः उभी राहून प्रत्येकाचा कोट घेत होती आणि आतल्या खोलीतल्या पलंगावर नेऊन ठेवत होती. ही आमची पद्धत आहे. मिस्सेच्या घरी कोट अंगावर ठेवणं म्हणजे घरवाल्याच्या तोंडावर "तुझं घर गार आहे" म्हणणं. कोणी म्हणणार नाही. मरेल पण म्हणणार नाही. तेव्हा आम्ही सगळे निमूट कोट देऊन, ओठ आवळून, कोंबड्यांसारखे एकमेकांना चिकटून उभे राहिलो. फादर क्विलननी शुभवर्तमान वाचलं ते त्यांच्या तोंडातून निघणाऱ्या वाफेसकट. प्रवचन इतकं आटोपशीर मी जन्मात ऐकलं नव्हतं.

कोट दिला नाही तो एकट्याने. मलाकी त्याच आळीत राहतो, आणि जिथे हॅमचे सँडविच असतात तिथे तो असतोच. कॉलर वर करून, विस्तवाकडे पाठ करून, सगळ्यांची ऊब अडवून उभा होता. डेलियाने हात पुढे केला तर म्हणाला, "राहू दे, मी घाईत आहे."

मिस्सा झाली, चहा आला. त्याने पहिला सँडविच तोंडात घातला आणि माझा तोल गेला.

"मलाकी, कोट काढ ना रे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

"घाईत आहे, कॉन."

"घाईत आहेस तर तो सँडविच खाली ठेव. कोट काढ. सी घर आहे. तूच दिलंयस."

फादर क्विलननी आपले लाल झालेले हात बाह्यांत खुपसले आणि अगदी सात्त्विक चेहऱ्याने म्हणाले, "सी असेल तर काढायला काय हरकत आहे, मलाकी?"

फादरना नाही कसं म्हणणार? त्याने बटणं सोडली. डेलियाने कोट घेतला, पण आत नेला नाही, हातावर धरून तिथेच उभी राहिली. आत मलाकीच्या अंगात पातळ रेशमी शर्ट होता. इतकी वर्षं हा त्या कोटाच्या भरवशावर लोकांची घरं उबदार ठरवत होता! त्याने चहाचा कप उचलला. कप बशीवर खडखडला. नाकाचा शेंडा आधी लाल झाला, मग जांभळा. गावकरी बघत होते आणि कोणीही त्याला विस्तवाकडे जागा देत नव्हतं.

"तुला थंडी वाजतेय?" डेलियाने विचारलं.

"छे, छे." दात वाजत होते ते सगळ्यांना ऐकू आलं.

डेलिया त्याच्याकडे काळजीने बघत होती. अगदी मनापासून काळजीने. "मलाकी, तुझंही रक्त तपासून घे हो," ती म्हणाली. "माझंही असंच सुरू झालं."

कोणाला हसू आलं नाही. किटी फॉलन, जिने आयुष्यात कोणाच्या घराबद्दल वाईट शब्द काढला नाही, तिने कप खाली ठेवला. "डेलिया," ती म्हणाली, "मलाही वाजतेय गं."

"मलाही," तिचा नवरा म्हणाला.

"डेलिया, मी प्रवचन अर्ध्यावर सोडलं," फादर म्हणाले. "बोटांना पान उलटता येईना."

डेलियाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं. मग तिने तो कोट शांतपणे स्वतःच्या अंगात घातला, बाह्या दुमडल्या आणि म्हणाली, "शिडी गोठ्यात आहे."

किटीच्या नवऱ्याने शिडी आणली. मलाकी म्हणाला, आज सणाचा दिवस, नंतर कधीतरी बघू. फादर म्हणाले, मी शिडी धरतो. मग तो चढला. मी त्याला ओळखते तेव्हापासून पहिल्यांदा हा माणूस कशाच्या तरी वरपर्यंत गेला. डोकं माळ्याच्या भोकातून दिसेनासं झालं, खाली फक्त चकचकीत बूट आणि थरथरणारी विजार.

"काय दिसतंय?" डेलियाने खालून विचारलं.

चकचकीत बूट शिडीवर एक पायरी वर सरकले.

"मलाकी. काय दिसतंय?"

"उजेड," वरून आवाज आला.

"वर दिवा नाहीये."

"बाहेरचा. पाट्यांमधून येतोय. आणि कावळ्याचं घरटं आहे."

"गादी आहे का? ऊब धरणारी?"

"काहीच नाही," तो म्हणाला.

डेलिया खुर्चीत बसली. तो भलामोठा कोट तिच्याभोवती गोळा झाला. "म्हणजे मी नव्हते," ती म्हणाली. "घरच होतं." आणि ती हसायला लागली, इतकी की तिला रडू आवरेना. मी तिचा हात धरला. कोटाच्या बाहीतला हात आता थोडा गरम झाला होता.

मलाकी कोळ्याची जाळी डोक्यावर घेऊन खाली उतरला आणि त्याने पहिलं वाक्य काय उच्चारलं असेल? "माझा कोट."

"राहू दे," डेलिया म्हणाली. "अक्षर बदल. पॅकी घरी आला की घेऊन जा."

त्याने फादरकडे पाहिलं. फादर शिडीला लागलेली माती झटकण्यात फार गुंतले होते. तेव्हा मलाकी टायनन त्या रेशमी शर्टात गारांच्या पावसात आपल्या गाडीपर्यंत पळत गेला, आणि मी खिडकीतून बघितलं. मला त्याची कीव आली नाही.

त्याच आठवड्यात जी आलं. डेलियाने सीचा कागद काढून त्याच चौकटीत जी लावलं, आणि अर्ज पुन्हा पाठवला. वरचे लोक आले, त्यांनी मलाकीचे सगळे कागद उघडले आणि त्याचा परवाना काढून घेतला. तो आता सूर्यावर चालणारी दारावरची घंटी विकतो. लेट्रिममध्ये, सूर्यावर चालणारी!

उन्हाळाभर डेलियाच्या घरी कामगार होते. कोट तिने वृद्धाश्रमात पॅकीला नेऊन दिला, खिडकीशी वारा लागतो म्हणून. ऑक्टोबरमध्ये मी त्याला माझ्या कोळशाच्या गाडीतून घरी आणलं. डोक्यावर टोपी, अंगात डब्लिनचा कोट, काळजी एकच, की बसायची जागा काळी आहे, कोट मळेल. स्वयंपाकघरात आला, मधोमध उभा राहिला, भिंतीला हात लावून पाहिला. मग टोपी काढली. मग एकेक बटण सोडलं आणि कोट काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"गरम होतंय गं," तो डेलियाला म्हणाला.

मलाकीला वास लागतोच. अर्ध्या तासात दारात हजर. आत येऊन हात चोळत छताकडे एकदा आणि भिंतीकडे एकदा नजर फिरवली, कोट उचलून अंगात चढवला आणि टेबलावरच्या केककडे बघत म्हणाला, "पाहिलंत? मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, उबदार घर आहे."

डेलियाने केकवर फडकं झाकलं.

"जाताना दार ओढून घे, मलाकी," ती म्हणाली. "ऊब बाहेर जाते."